चष्मे पोचले, आता ते लावणारं माणूस द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत एका मंडळानं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डाला व्हीआर चष्मे, म्हणजे डोळ्यांवर बांधले की भोवती दुसरंच जग दाखवणारे चष्मे, भेट दिले. सोबत फोटो होता. टेबलावर ओळीनं मांडलेली खोकी, त्यांना लाल फीत, मागे मंडळाचे पदाधिकारी. ज्यांनी हे दिलं त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. पण तशीच खोकी मी पाहिलेली आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलेलं आहे, म्हणून हे पत्र.

मी काळाचौकीला राहते, घरी शिवणकाम करते. माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा, चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तो दिवस आणि ती रात्र त्यानं शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर काढली, बापाच्या दुकानातला माल पाण्यावर तरंगत जाताना बघत. ऑगस्टात त्याला ताप येऊ लागला. पुरानंतर घरोघरी ताप होता, त्यामुळे पहिले पंधरा दिवस कुणालाच वेगळी शंका आली नाही. मग पायांवर निळे डाग दिसले, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट हातात येताच त्याच दिवशी मुंबई गाठायला सांगितलं. अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो आणि यातून बरी होणारी मुलंही पुष्कळ असतात, हे आम्हाला पहिल्याच भेटीत समजावलं. आणि उपचार अडीच-तीन वर्षं चालतील, हेही.

भावाचं दुकान गाळानं भरलेलं, वहिनीच्या कडेवर वर्षाची मुलगी. वहिनी महिन्यातले आठ-दहा दिवस यायची, रडत यायची आणि रडत परत जायची. बाकी सगळे दिवस पोरगा माझ्याकडे. इस्पितळाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी आमचं पोर वाचवलं, आणि मी जे मांडणार आहे त्यात त्या एका इमारतीचा दोष काढायचा माझा हेतू नाही.

कॅन्सर म्हटलं की लोकांना केस गळणं आठवतं. केस गेले त्याचं आमच्या पोरानं फारसं मनावर घेतलं नाही, वॉर्डात सगळीच तशी होती. त्याला भीती होती ती सुईची. केमोला शीर पक्की लागते. व्हिन्क्रिस्टिनसारखं औषध शिरेबाहेर गळलं तर तिथली कातडी आणि मांस जळतं, त्यामुळे जरा शंका आली की सिस्टर सुई काढून दुसरीकडे लावणार, आणि त्यांचं ते बरोबरच. पण स्टिरॉइडनं हात गुबगुबीत झालेले, शिरा आत दडलेल्या. कधी दोन वेळा टोचावं लागे, कधी चार वेळा. वॉर्डातल्या मावशी पाय धरायच्या, वॉर्डबॉय खांदा धरायचा, मी दुसरा हात. एकदा त्या गडबडीत तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आत्या, तू पण?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे पुढे टॅक्सी इस्पितळाच्या गेटाशी वळली की त्याला ओकारी यायची. औषध लागलेलं नाही, सुई दिसलेली नाही, तरी ओकायचा. कोविडचे दिवस होते, दारोदार सॅनिटायझर. आमच्या खालच्या दुकानात त्याचा वास आला तरी तोंडावर हात धरायचा. डॉक्टरांनी सांगितलं की हे नाटक नाही. मागच्या वेळचा त्रास शरीर लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी आधीच उलटी येते, आणि ही अशी उलटी एकदा सुरू झाली की उलटीच्या इंजेक्शनाला फारशी दाद देत नाही. २०२२ च्या जानेवारीत एका सकाळी तो बूट घालायलाच तयार होईना. म्हणाला, "मला नाही बरं व्हायचं. मला चिपळूणला जायचंय."

त्याच सुमाराला वॉर्डात एक ताई येऊ लागली. मानसशास्त्र शिकलेली, पंचविशीची. एका सहा महिन्यांच्या उपक्रमासाठी तिची नेमणूक होती. तिच्या पिशवीत तो चष्मा. चष्मा म्हणायचं, पण ते डोळ्यांवर बांधायचं अर्ध्या किलोचं खोकं. आत दोन भिंगं, पट्टे डोक्यामागून. घातलं की वॉर्ड दिसेनासा होतो. मान डावीकडे वळवली की आतलं डावीकडचं दिसतं, वर बघितलं की आभाळ. टीव्हीवर कार्टून लावून दिलं तरी पोराच्या डोळ्यांच्या कडेला ट्रे दिसतो, सुई दिसते, सिस्टरचा हातमोजा दिसतो. इथे ते काहीच दिसत नाही.

पहिला दिवस सपशेल फसला, आणि तो कसा फसला ते सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं. चष्म्यात आधीपासून भरलेलं पहिलं दृश्य समुद्राखालचं होतं. निळं पाणी, रंगीत मासे, एक मोठं कासव. बाकीच्या मुलांना ते सगळ्यात आवडायचं. आमच्या पोरानं चष्मा लावला, दोन श्वास घेतले आणि दोन्ही हातांनी ओढून काढून टाकला. "पाणी नको. पाणी वर आलंय." अंगाला कापरं सुटलं होतं. त्या यंत्राला काय माहीत की या मुलानं सहा महिन्यांपूर्वी छपरापर्यंत चढलेलं पाणी बघितलंय? ताईलाही माहीत नव्हतं. पण ती तिथे होती. तिनं चष्मा बाजूला ठेवला, त्या दिवशी पुन्हा त्याचा विषयही काढला नाही. त्याच्या खाटेवर बसून पुराचं सगळं ऐकून घेतलं. वाहून गेलेल्या सायकलीचं, मांजराच्या पिल्लाचं. त्यानं ते आम्हालाही इतकं सांगितलेलं नव्हतं.

दोन दिवसांनी, सुईचा दिवस नसताना, तिनं चष्मा पुन्हा आणला. या वेळी बर्फ. पांढरं मैदान, लांब डोंगर, आणि इकडून तिकडे डुलत चालणारे पेंग्विन. तो एका जागी बसलेला आणि फक्त मान फिरवून बघायचं. हलतं काही नको, हे ती सांभाळायची. डोळ्यांना वाटतं आपण पळतोय आणि कानातला तोल म्हणतो आपण बसलोय, या भांडणात धडधाकट माणसालाही मळमळतं, मग केमोच्या पोराचं काय! सुरुवातीला त्याला पट्टे कसे सैल करायचे ते शिकवलं. "तुला नको वाटलं की तू काढायचा, मी विचारणार नाही." आणि एक करार झाला. सुई फसवून लावायची नाही. सिस्टर आधी त्याच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारणार, मगच.

पुढचा मंगळवार मला तासातासानं आठवतो. हाताला बधिर करणारं क्रीम तासभर आधी लावलेलं. त्यानं चष्मा घातला आणि पेंग्विन मोजायला लागला. मी पाय धरायला गेले तर ताईनं मानेनंच नको म्हटलं. मग मी त्याचं पाऊल नुसतं तळहातावर घेऊन बसले. सुईच्या वेळी त्याच्या पायाची बोटं आतल्या बाजूला अशी आवळलेली असायची की नखं रुतायची. त्या दिवशी बोटं सैल होती. अंगठा हलत होता, आकड्यागणिक एकदा. अकरा, बारा. गुडघ्यावर टिचकी, टिचकी. अंगठा थांबला. तेरा म्हणताना आवाज जरा चिरका झाला. चौदा. पंधरा. सतराव्या पेंग्विनला सिस्टर म्हणाल्या, "लागली शीर." त्यानं विचारलं, "पहिल्यांदाच?" चष्मा न काढता. कुणी कुणाला धरलेलं नव्हतं. वॉर्डबॉय दारात उभा होता तो तसाच मागे वळून गेला.

दुखलं का, असं नंतर ताईनं विचारलं. तिच्याकडे सहा चेहऱ्यांचं कार्ड असे, शून्याला हसरा आणि दहाला रडणारा, त्यावर मुलानं बोट ठेवायचं. आधी तो दहावर बोट ठेवून कार्डच फेकायचा. त्या दिवशी चारावर ठेवलं. म्हणजे दुखलं. पण चार म्हणजे दहा नव्हे.

हे असं का होतं, ते ताईनं मला डब्यातली पोळी खाता खाता सांगितलं. मेंदूचं लक्ष ही मोजकी वस्तू आहे. दुखणं कळायलाही लक्ष लागतं. ते लक्ष दुसरीकडे गुंतलं तर दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेच्या वाटेवर जणू एक फाटक असतं, आणि मनाची अवस्था ते थोडं लावूही शकते, उघडूही शकते. अमेरिकेत सिअ‍ॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९६ च्या सुमाराला भाजलेल्या रुग्णांसाठी हेच वापरायला सुरुवात केली. भाजलेल्याच्या जखमा रोज धुवाव्या लागतात, त्या वेदना औषधालाही पुरत्या आवरत नाहीत. त्यांच्यासाठी बनवलेल्या दृश्यातही बर्फच होता, बर्फाचे गोळे मारायचे, आणि पेंग्विनही होते. हे ऐकून आमचं पोर फार खूश झालं.

माझी मुलगी बी.एस्सी. करते, तिनं पुढे शोधून शोधून वाचलं. कॅन्सरच्या मुलांवरचा अगदी सुरुवातीचा अभ्यास १९९९ चा, केमो घेणारी ११ मुलं, वय १० ते १७. एवढ्याशा अभ्यासावर काही ठरवता येत नाही, पण बहुतेक मुलांना ती खेप आधीच्या खेपांपेक्षा बरी गेली. २००४ मध्ये ५९ मुलांवर एक झाला. छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे औषध देण्याच्या छोट्या डबीत, सुई घालताना काहींना चष्म्यातून गोरिलांच्या वस्तीत नेलं, काहींना तेच साध्या स्क्रीनवर दाखवलं, काहींना नेहमीसारखंच. चष्मा लावलेल्यांची नाडी काहीही न दिलेल्या मुलांपेक्षा शांत राहिली, नर्सनाही त्यांचं दुखणं कमी वाटलं. पण पाठीतून पाणी काढतानाचा २००२ चा एक अभ्यास आहे, ३० किशोरवयीन मुलांचा. त्यात दुखण्याच्या आकड्यांत म्हणावा तसा फरक निघाला नाही, तरी बहुतेक मुलं म्हणाली की चष्म्यानं लक्ष दुसरीकडे गेलं. मोठ्या माणसांच्या केमोवर सुझन श्नायडर यांनी केलेल्या कामातही असंच. मळमळ, थकवा यांत मोठा फरक दिसला नाही, पण केमोचा वेळ लोकांना होता त्यापेक्षा कमी वाटला. मला ही दुसरी बाजूही तितकीच मोलाची वाटते. देणगीदारांना कुणी जादू म्हणून हे विकू नये.

आमचाच अनुभव घ्या. दर तीन महिन्यांनी पाठीतलं इंजेक्शन असायचं. कुशीवर वळून गुडघे छातीशी घ्यायचे, त्यात चष्मा उशीला टेकतो, मान दुखते. एकदा लावून बघितला, पुन्हा नको म्हणाला, ताईनं आग्रह केला नाही. तोंड आलेलं असताना, घोटभर पाणीही गिळवत नसताना, पेंग्विन काही कामाचे नव्हते. तेव्हा दुखणं थांबवणारं औषधच लागतं आणि ते वेळेवर मिळालं पाहिजे. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, खाली असल्या की पट्ट्यानं कपाळावर वळ उठायचा, त्या दिवशी चष्मा बंद. आकडी येणाऱ्या मुलाला, डोक्याचं ऑपरेशन झालेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. अगदी लहानग्यांच्या तर तो डोक्यालाच बसत नाही, त्यांना साबणाचे फुगे बरे. बधिर करायचं क्रीम, आईच्या मांडीवर बसवून सुई लावणं, खरं बोलणं, हे सगळं आधी. चष्मा त्याच्यावर.

पण एक गोष्ट मी शपथेवर सांगेन. फेब्रुवारीच्या शेवटी टॅक्सी गेटाशी वळली आणि तो ओकला नाही. खिडकीतून बघत होता. मला म्हणाला, "आज पंधराच्या आत लागली पाहिजे."

शिवणकामाचं इथे सांगते. चेहऱ्याला लागतो तो भाग फोमचा, एकाचा घाम दुसऱ्याला. या मुलांचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडलेले असतात, साधी सर्दीही त्यांना भारी पडते. इन्फेक्शनचं बघणाऱ्या सिस्टरांनी फोम काढून पुसता येईल असं रबरी पॅड बसवून घेतलं आणि वरून प्रत्येक मुलाला स्वतंत्र कव्हर हवं म्हणाल्या. कागदी कव्हरं संपली की चष्मा बंद. मी विचारलं, कापडी चालेल का? चालेल, एका मुलाचं एकच, गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून. मग मी होजिअरीचं मऊ कापड आणलं. डोळ्यांना दोन खिडक्या, काठाला बारीक इलॅस्टिक, नाकाकडे जरा जास्त माया सोडलेली, कारण तिथून उजेड आत येतो आणि उजेड आला की ट्रे दिसतो. पहिली चार बिघडली, खिडकी आक्रसून भिंगावर यायची. पाचवं बसलं. मग चाळीस शिवली. मुलांनी आपापला रंग निवडला, प्रत्येकाची पिशवी, पिशवीवर नाव. नांदेडच्या एका मुलीला जांभळाच पाहिजे होता, त्यासाठी मी दादरला दोनदा गेले. भिंगं स्पिरिटनं पुसायची नाहीत, खराब होतात, कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, हेही तेव्हाच शिकले.

जूनमध्ये ताईचे सहा महिने संपले.

ती जाताना सगळं लिहून देऊन गेली. चष्मे इस्पितळाचेच होते, ते राहिले. स्टीलच्या कपाटात ठेवले, चावी इन्चार्ज सिस्टरांकडे. पुढच्या मंगळवारी पोरानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, बघते. त्या दिवशी तीस खाटांना तीन सिस्टर, त्यातली एक रजेवर. त्यांनी चष्मा काढायचा, चार्ज आहे का बघायचं, पुसायचा, कव्हर चढवायचं, मुलाला लावायचा, त्याच्याशी बोलत राहायचं, आणि सुई कुणी लावायची? त्याच्या पुढच्या आठवड्यात चष्मा काढला तर बॅटरी उतरलेली. ही बॅटरी दोन-अडीच तासच टिकते आणि नुसती पडून राहिली तरी उतरते. चार्ज केला तर पडद्यावर काहीतरी अपडेट मागायला लागला, त्याला वायफाय हवा, पासवर्ड हवा, पासवर्ड ताईच्या वहीत, वही कुठे ते कुणाला ठाऊक नाही. सगळ्या सूचना इंग्रजीत. मी एका सिस्टरला त्या खोक्यापुढे डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं, कारण पलीकडे पोरगं "पेंग्विन लावा ना" म्हणत होतं आणि दुसऱ्या खाटेवरची सलाइन संपत आली होती. ती चूक तिची होती असं कोण म्हणेल?

गणपतीच्या सुमाराला आणखी दोन नवे चष्मे आले, दुसऱ्या कुणी दिलेले. फोटो निघाले. खोकी त्याच कपाटात, जुन्यांच्या वर. आमचे उपचार २०२४ च्या मार्चमध्ये संपले. तोवर ते कपाट चष्म्यांसाठी उघडलेलं मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिलं. पिशव्यांमधली माझी कव्हरं इस्त्रीच्या घडीत तशीच राहिली.

मग आम्ही काय केलं? मी त्याचं पाऊल हातात घ्यायची आणि म्हणायची, डोळे मीट, बर्फ आण. तो डोळे मिटून मोजायचा. सिस्टर टिचकी मारायला विसरत नसत, तो करार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. कधी चालायचं, कधी चालायचं नाही. पण पुन्हा चौघांनी धरायची वेळ फारशी आली नाही. यावरून मला जे कळलं तेच सांगायला मी बसले आहे. त्या काही महिन्यांत पोराला जे मिळालं त्यातलं अर्धं चष्म्यात होतं आणि अर्धं त्या ताईत. पुराचं ऐकून घेणं, पाणी काढून बर्फ लावणं, नको म्हटल्यावर थांबणं, हे खोक्यातून येत नाही.

अमेरिकेतल्या, कॅनडातल्या मुलांच्या इस्पितळांत याच कामासाठी माणसं नेमलेली असतात, चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात त्यांना. मुलाला उपचार समजावणं, भीती हाताळणं, खेळातून तयारी करून घेणं, हा त्यांचा पूर्णवेळ पेशा आहे. आपल्याकडे मानसशास्त्र, समाजकार्य शिकून दरवर्षी किती मुलंमुली बाहेर पडतात. त्यांच्यातल्या एकीला एका वॉर्डात वर्षभर ठेवायला काय लागेल? एका माणसाचा पगार. तो मिळेल अशी व्यवस्था झाली तर कपाटातले जुनेच चष्मे पुरतील, नव्यांची गरजही पडणार नाही.

इथे मला मंडळांना हात जोडून काही सांगायचं आहे, कारण गिरणगावातली मंडळं मी जवळून ओळखते. त्याच २०२१ च्या दिवाळीत भाच्याच्या प्लेटलेट आठ हजारांवर आल्या होत्या. रात्री अकरा वाजता इस्पितळातून सांगितलं की दाता आणा. मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या एका मुलाला फोन केला. तासाभरात दोघे रक्तपेढीत हजर. एक तर कामावरून थेट आलेला, पोटात अन्न नव्हतं, त्याला आधी खायला घालावं लागलं. प्लेटलेट द्यायला दीड-दोन तास मशीनला जोडून बसावं लागतं, दोघेही बसले. एकानं पुढच्या दोन वर्षांत आणखी पाच वेळा दिल्या. त्याचा फोटो कुठे आलेला नाही. तुम्ही माणूस देणारी माणसं आहात, म्हणून तुमच्याकडेच मागते. पुढच्या वर्षी चष्मा देऊ नका. ज्या वॉर्डाला दिलात तिथे जाऊन विचारा, गेल्या महिन्यात किती मुलांनी वापरला, कोण लावतं, पासवर्ड कुणाकडे आहे. आणि त्या माणसाच्या पगाराचा वाटा उचला, चार मंडळांनी मिळून उचला.

आणखी एक काम मंडळांतल्या पोरांना सहज जमेल. चारी बाजूंचं एकदम टिपणारा कॅमेरा मिळतो, त्यानं आपल्याकडची दृश्यं चित्रित करून द्या. आंबोलीतलं धुकं, हरिहरेश्वरची वाळू, कोकण रेल्वेच्या फलाटावरून दिसणारी निघालेली गाडी. कॅमेरा एका जागी ठेवून, न हलवता. आवाज मराठीत. आमचं पोर ताईला रोज विचारायचं की यात मांडवी एक्स्प्रेस नाही का. डॉक्टरांशी बोलून रेडिएशनची खोलीही तशी दाखवता येईल. तिथे मुलाला चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बांधून एकट्याला निश्चल झोपावं लागतं, आई बाहेर. ती खोली आधी बघितलेली असली, यंत्राचा आवाज आधी ऐकलेला असला, तर काही मुलांची धास्ती तरी कमी होईल.

इस्पितळांच्या व्यवस्थापनांनाही विनंती आहे. देणगी घेताना फक्त वस्तूची पावती फाडू नका. ही वस्तू कोण चालवणार, हे देणाऱ्यालाही विचारा आणि स्वतःलाही. आणि मुलानं कार्डावर बोट कुठे ठेवलं ते फाईलमध्ये लिहून ठेवा, तापासारखंच. वर्षानं कळेल उपयोग होतोय की नाही. होत नसेल तर बंद करा, कुणाची तक्रार नाही.

कुणी म्हणेल, जिवावर बेतलेलं असताना हे लाड कशाला? मला हे तोंडावर ऐकवलेलं आहे. १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांवर पहिल्यांदा औषधाचा उपयोग दाखवला, तेव्हाही तो आजार थोड्या दिवसांपुरताच मागे हटायचा. ती औषधं तयार होण्यात आपल्या आंध्रच्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा हात होता. आमच्या पोराला पाठीतून मिळालेलं पिवळं मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. तेव्हा मूल जगेल का, एवढाच प्रश्न होता. आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के तरी वाचावीत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं आहे. जी वाचणार आहेत त्यांना ही तीन वर्षं आठवणार आहेत. माझ्या भाच्याला पुराचं पाणी अजून स्वप्नात येतं. सुई येत नाही.

तो आता चिपळूणला शाळेत जातो, तपासणीला मुंबईला येतो. काउंट सुधारले तेव्हा कबूल केल्याप्रमाणे मी त्याला राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवायला नेलं होतं. काचेला नाक लावून अर्धा तास उभा होता. "इथे बर्फ कमी आहे," म्हणाला, आणि मोजायला लागला.

राहिलं कव्हरांचं. मुंबईतल्या कुठल्याही इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात हे चष्मे असतील आणि ते लावायला माणूस नेमलेला असेल, तर त्या वॉर्डाला लागतील तेवढी कव्हरं मी मोफत शिवून देईन. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे. चष्म्याचा नमुना एक दिवसासाठी पाठवावा, माप मी घेईन. मुलांची नावं आणि प्रत्येकाला हवा तो रंग तेवढा कळवावा.

आपली,
एक आत्या
काळाचौकी, मुंबई